पाठपट्टी पुन्हा पुन्हा का सुटते? विदर्भाच्या हवेत टिकणारा कमठ्याचा गोंद आणि अस्तर

तक्रार बहुतेकांची एकच असते. दिवाळीनंतर जोडलेला कमठा, म्हणजे धनुष्य, होळीपर्यंत उत्तम चालतो. एप्रिलच्या शेवटी टोकाजवळ पाठीची बांबूपट्टी नखभर उचललेली दिसते. तिथे गोंद भरून वर दोरा गुंडाळला जातो. मृग लागला की पट्टी त्या दोऱ्याच्या चार बोटं पुढून सुटते. मग दुकानातून आणखी महाग गोंद येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

गोंद बदलण्याआधी जोड का सुटला हे कळायला हवं. कारणं पाच-सहा आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. पांढऱ्या गोंदाचा जोड दाब कमी पडला म्हणून सुटतो; इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून सुकणाऱ्या, अरल्डाइटसारख्या गोंदाचा) जोड दाब जास्त झाला म्हणून कोरडा पडून सुटतो. दोन्हीकडे शिकंजा (क्लॅम्प) आणखी आवळला तर निम्मे कमठे वाया जाणारच.

पुढे ‘पाठ’ म्हणजे नेम धरताना निशाणाकडे असणारी बाजू आणि ‘पोट’ म्हणजे आपल्याकडची. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे बाहू. बांबूची किंवा लाकडाची चिकटवलेली पट्टी ती पाठपट्टी. कापड, तंतू किंवा कातडं असेल तर ते अस्तर. सगळी मापं पाच फुटी, दोरी ओढायला ३० ते ४० पौंडांचं बळ लागणाऱ्या, मुठीजवळ ३२ मिमी रुंद बाहूंच्या सरावाच्या कमठ्याची आहेत.

सुटलेला जोड आधी वाचा

उचललेली पट्टी हाताने ओढून काढू नका. चांगले तंतूही तिच्यासोबत उपटून येतात. हॅक्सॉचं जुनं ब्लेड घासून पातळ करा, ते आत सरकवून जोड दोन-तीन इंच उघडा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून दोन्ही बाजू पाहा.

गोंदाचा चकचकीत थर एका बाजूला आणि समोरची बाजू कोरी, स्वच्छ लाकडाची असेल, तर गोंद त्या बाजूला धरलाच नव्हता. तेलकट लाकूड, बांबूचा मेणचट भाग, धूळ, बोथट रंध्याने घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, किंवा पट्टी ठेवेपर्यंत गोंदावर धरलेली साय, यांपैकी काहीतरी. इथे गोंद बदलून काहीच फरक पडणार नाही.

गोंद रबरासारखा ओढला जातो, आणि टोकाला पट्टी व पोटाचं लाकूड एकमेकांवरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकून पायरी झाली आहे? तर गोंद उष्णतेने मऊ पडून सरकतो आहे. पांढऱ्या गोंदाची ही ओळखीची खूण. सरकणं सुरू झालं की पट्टी लगेच उचलतेच असं नाही. आधी उलटा बाक (दोरी उतरवल्यावर टोकं निशाणाकडे वळलेली असणं) नाहीसा होतो आणि दोरी उतरवल्यावरही कमठा वाकलेलाच राहतो. बरेच जण याला ‘लाकूड थकलं’ म्हणतात. लाकडाला दोष देण्याआधी टोकाची पायरी तपासावी.

दोन्ही बाजूंना नुसता गोंदाचा डाग आहे, थर नाही, तर जोड उपाशी राहिला: दाब जास्त झाला, किंवा अतिकोरड्या लाकडाने गोंद पिऊन टाकला. याच्या उलट, काचेसारखा जाड थर आणि त्यात बुडबुडे दिसले तर तिथे फट होती आणि गोंदाने ती नुसती भरली. इपॉक्सी नखाने दबत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल तर मिश्रणाचं माप चुकलं आहे. असा जोड कितीही दिवस ठेवला तरी कडक होत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो.

आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे उपटलेले तंतू असतील तर गोंदाने आपलं काम केलं आहे. तिथे चूक लाकडाच्या निवडीत किंवा बाहूच्या आकारात आहे. बाहू एकाच जागी जास्त वाकतो का ते बघा. मूठ संपून बाहू सुरू होतो तिथला उतार आखूड असला तरी हेच होतं. हा उतार ५–६ सेंमीभर लांब आणि शेवटी कागदाइतका पातळ हवा.

सुटण्याचा हंगामही लक्षात घ्या. फक्त नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, सुटणारा जोड बहुधा पांढऱ्या गोंदाचा असतो. फक्त पावसाळ्यात सुटणारा सरसाचा (जनावराच्या कातड्याच्या गोंदाचा), किंवा ओल्या लाकडावर केलेला. दोन्ही हंगामांत सुटत असेल तर पृष्ठभागापासून सुरुवात करा.

आपली हवा जोडावर काय करते

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशा हवेत ठेवलेलं लाकूड ४–५ टक्के ओलीपर्यंत सुकू पाहतं. ऑगस्टात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १६–१७ टक्क्यांकडे फुगू लागतं. पातळ बाहू हा बदल वाशापेक्षा फार लवकर पकडतो. ओलीत १० टक्क्यांचा फरक पडला तर ३२ मिमी रुंदीचं आडवं कापलेलं लाकूड पाऊण मिलिमीटरभर कमीजास्त होतं. पाठपट्टी आणि पोट सारखंच फुगलं तर बिघडत नाही. जोडताना एक सुका आणि दुसरा ओला असेल, तर दोघांच्या फरकाचा सगळा ताण गोंदाच्या रेषेवर, त्यातही कडांवर येतो. म्हणून उचलणं नेहमी कडेपासून आणि टोकापासून सुरू होतं.

यासाठी पट्टी आणि पोटाचं लाकूड जोडण्याआधी एकाच खोलीत, जमिनीपासून वर, दोन ते तीन आठवडे शेजारी शेजारी ठेवा. किराणा दुकानातल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही वेगवेगळे तोलून वजन पेन्सिलीने लाकडावरच लिहा. तीन-चार दिवसांच्या अंतराने वजन बदलेनासं झालं की जोडायला घ्या. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. हवा मध्यम असते, त्यामुळे लाकूड पुढे दोन्ही बाजूंना थोडं थोडंच हलतं. श्रावणात जोडलेला कमठा मेमध्ये आकसून कडा उचलतो. अगदीच घाई असली तरी जुलै-ऑगस्टात पाठपट्टी जोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

टिनाच्या छपराखाली, उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा डिक्कीत तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. घरी वापरायचे बहुतेक गोंद या तापमानाला आपली पूर्ण ताकद राखत नाहीत. कमठा कवेलूच्या घरात, भिंतीला टेकवून न ठेवता दोन खुंट्यांवर आडवा ठेवावा, आणि दोरी कायम उतरवलेली असावी.

गोंद कोणता

पांढरा गोंद, ज्याला गावात सरसकट फेविकॉल म्हणतात, तो पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा असतो. खिडकी-दारांना उत्तम, कारण तिथे ताण थोडा आणि स्थिर असतो. पण साधा पांढरा गोंद ३० ते ४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि सतत ताणाखाली हळूहळू सरकतो. कमठ्याच्या जोडावर ताण कायमच असतो, त्यात उलटा बाक देऊन जोडला असेल तर दोरी उतरवल्यावरही असतो. म्हणून बांबूच्या पाठपट्टीला साधा पांढरा गोंद वापरू नये. पाण्याला टिकणारा सागरी प्रकार ओलीत चांगला टिकतो, पण उष्णतेची अडचण त्यालाही काही प्रमाणात राहतेच. परदेशात टाइटबाँड ३ या अशाच पाणी-टिकाऊ गोंदावर पाठपट्टीचे पुष्कळ कमठे बनतात आणि टिकतात. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा घेताना आपला मे महिना विसरू नये. कापड किंवा कातड्याचं अस्तर लावायला मात्र हे पाणी-टिकाऊ पांढरे गोंद अगदी योग्य आहेत, कारण तिथे गोंदावर ताण कमी येतो.

पाठपट्टीसाठी सहज मिळणारा आणि भरवशाचा पर्याय म्हणजे हळू सुकणारं इपॉक्सी, जसं नेहमीचं अरल्डाइट. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार इथे चालत नाही. तो उष्णतेला आणि ओलीला कमी टिकतो, आणि पाच फुटांवर पसरेपर्यंत आवळायलाही लागतो. हळू सुकणाऱ्या नेहमीच्या अरल्डाइटमध्ये रेझिन आणि हार्डनर मापाने समान, वजनाने १०० ला ८० घ्यायचे असतात. काट्यावर समान वजन घेतलं की हार्डनर जास्त पडतो आणि जोड चिवट पण मऊ राहतो. दुसऱ्या कंपनीचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून डब्यावर छापलंय तेच धरा. एका पाच फुटी कमठ्याला सुमारे ४० ग्रॅम मिश्रण पुरतं. ते वाटीत ढीग करून ठेवू नका. स्वतःच्या उष्णतेने लवकर आवळतं. ताटलीत पसरून ठेवलं तर जास्त वेळ मिळतो. मेच्या दुपारी हा वेळ हिवाळ्यातल्या निम्म्याहूनही कमी होतो. हातमोजे घाला, कारण हार्डनर त्वचेला लागत राहिला तर कायमची खाज मागे लागू शकते.

इपॉक्सीबद्दल एक गोष्ट फार कमी जण करतात आणि विदर्भात तीच सर्वांत महत्त्वाची आहे: पक्क्या झालेल्या जोडाला पुन्हा उष्णता देणं. खोलीच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी ५०–६० अंशांजवळ ढिलं पडू लागतं. तेच आधी एकदा तापवून घेतलं तर हा उंबरठा वर सरकतो. बांधलेल्या अवस्थेतच २४ तास सुकू द्या. मग बाहेरून काळा रंग दिलेली टिनाची लांब पेटी, किंवा प्लायच्या पेटीत दोन १०० वॅटचे पिवळे बल्ब, अशी सोय करा. आत थर्मामीटर ठेवून हळूहळू ५५–६० अंशांवर न्या आणि चार तास तिथेच ठेवा. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. बल्ब लाकडापासून वीतभर तरी लांब हवेत. उष्णता थांबवल्यावर कमठा आतच थंड होऊ द्या आणि मगच सोडा. या तापवण्यात लाकूडही सुकतं, त्यामुळे सावलीत आठवडाभर ठेवल्याशिवाय तो वाकवायला घेऊ नका. कोरडं लाकूड पहिल्याच ओढीला चिरतं.

प्लायवूडवाल्यांकडे मिळणारा यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा पावडर गोंद कडक आणि न सरकणारा आहे. जोड तंतोतंत बसत असेल, फट कुठेही नसेल, तर तो चांगलं काम देतो. जाड थरात तो तडकतो, आणि वर्षानुवर्षं ओल-उष्णता खाऊन कमकुवत होतो. रंध्यावर हात पक्का बसलेल्या सुताराने तो वापरावा. नवख्याने इपॉक्सीच घ्यावं.

सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद, कातडं आणि तंतूंच्या अस्तरासाठी आजही उत्तम. वजनाने एक भाग सरसाला दोन भाग थंड पाणी घालून रात्रभर फुगू द्या, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात ६०–६५ अंशांवर पातळ करा. थेट चुलीवर ठेवला आणि उकळला की त्याची ताकद जाते. कोरड्या उन्हाळ्यात सरस अजिबात सरकत नाही, पण पावसाळ्यात ओल पिऊन ढिला होतो आणि बुरशी धरतो. वरून पॉलिशचा पक्का थर नसेल तर आपल्याकडे तो एक पावसाळाही काढत नाही.

डिंक पाण्यात विरघळतो, लाख वाकवल्यावर तडकते. दोन्ही जोडासाठी घेऊ नका, पण लाखेचं पॉलिश ओल अडवायला फार चांगलं. बुटांचा किंवा सनमायकाचा रबरी गोंद कुठेच चालत नाही. तो कायम सरकतच राहतो. फेविक्विक फक्त पाठीवर उठलेली बारीक काडी बसवण्यापुरतं.

पृष्ठभाग: इथेच सगळ्यात जास्त जोड हरतात

जोडायच्या जागेवर पाण्याचा एक थेंब टाका. काही सेकंदांत पसरून आत गेला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर पृष्ठभाग तेलकट किंवा घासून बंद झालेला आहे.

सागवान विदर्भात सगळीकडे मिळतं म्हणून पोटाला वापरलं जातं, आणि त्याच्या अंगच्या तेलाने हमखास अडचण येते. ताज्या धारेच्या रंध्याने उघडा, हॅक्सॉच्या ब्लेडच्या दातांनी लांबीच्या दिशेने बारीक रेघा ओढा, मग स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने अ‍ॅसिटोन पुसा. फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत फडकी बदलत राहा आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत जोडा. उशीर झाला की आतलं तेल पुन्हा वर येतं. नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नका, त्यात बहुधा तेल मिसळलेलं असतं. धामण आणि तिवस पोटाला आमच्या दृष्टीने सागवानापेक्षा चांगले. धामण लवचिक आहे, तिवस चिवट आणि जड. दोन्ही अशा पुसण्याशिवायही गोंद धरतात. जंगलातून लाकूड किंवा बांबू तोडायचा असेल तर ग्रामसभेचा हक्क आणि वन विभागाचे नियम आधी पाहा.

इपॉक्सीला ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने केलेला खरखरीतपणा आवडतो. पांढऱ्या गोंदाला आणि यूरियाला ताजा, धारदार रंधा मारलेला सपाट भाग लागतो. घासल्यानंतरची धूळ ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका. थुंकी आणि वाफ तिथेच बसते. हाताला तेल असेल तर साबणाने धुऊनच लाकडाला हात लावा.

बांबूची पट्टी

मानवेल अनेकदा भरीव आणि बारीक असतो. त्याची रुंद पट्टी काढली तर पाठ फार गोल येते. ५ सेंमी व्यासाच्या बांबूतून ३० मिमी रुंद पट्टी घेतली तर मध्यभाग कडांपेक्षा जवळपास ५ मिमी उंच राहतो. खालून सपाट केल्यावर कडांना काही उरतच नाही. ८ सेंमी व्यासात हा उंचवटा सुमारे ३ मिमी होतो आणि ४ मिमी जाडीच्या पट्टीला कडेला १ मिमी शिल्लक राहतो. म्हणून पाठपट्टीला कटांगसारखा जाड बांबू बरा. बारीक भरीव मानवेल तीर आणि एकसंध कमठ्यासाठी ठेवा.

तीन वर्षं पूर्ण झालेला, हिवाळ्यात तोडलेला बांबू घ्या. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू पिठूळ असतो आणि त्याला भुंगा लागतो. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवला असेल तर सुकल्यावर पृष्ठभागावरचे पांढरे स्फटिक खरवडून काढा, नाहीतर गोंद त्यांच्यावरच बसतो.

बाहेरची साल तशीच ठेवायची. ताकदीचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात. वरचं मेण नुसतं खरवडा, गाठी फक्त हाताला लागणार नाहीत इतक्या उतरवा. गाठीच्या तंतूंपर्यंत पेपर गेला की पट्टी तिथेच फुटते. आतली बाजू मात्र निर्दयपणे काढा: पांढरट भुसभुशीत थर पूर्ण जाऊन दाट तंतू दिसले पाहिजेत. भुसभुशीत थरावर केलेला जोड गोंदात सुटत नाही, बांबूच सोलला जातो, आणि वाचताना ‘दोन्हीकडे तंतू’ दिसून फसगत होते. शेवटी पट्टी मुठीत ४ मिमी आणि टोकाला २ मिमी.

पट्टी टिकली पण पोटावर आडव्या बारीक चुण्या आल्या, तर बांबू पोटापेक्षा फार ताकदवान ठरला. पाठ अरुंद करा: पोटाकडे ३२ मिमी तर पाठीकडे २५–२६ मिमी, म्हणजे आडवा छेद उतरत्या बाजूंचा होईल. चुण्या खोल असतील तर तो बाहू संपला, त्यावर अस्तर चढवून उपयोग नाही.

कापड, ताग, कोसा, कातडं

अस्तराकडून दोन वेगवेगळ्या अपेक्षा असतात आणि त्यांची गल्लत होते. एक, पाठीचा ताण वाटून घेणं. दुसरी, उठू पाहणारी काडी दाबून ठेवणं. कमी ताणलं जाणारं अस्तरच पहिलं काम करतं. बाहूच्या पाठीला ओढताना साधारण एक टक्का ताण येतो. ताग, अंबाडी आणि जवसाचे तंतू थोड्याच ताणात भार घेऊ लागतात. सुती कापड आणि कोसा (टसर रेशीम) त्यापेक्षा खूप जास्त ताणले जातात, त्यामुळे ते फक्त दुसरं काम करतात. आरमोरी-भंडाऱ्याकडचा कोसा पातळ, चिवट आणि दिसायला देखणा. चांगल्या लाकडाच्या पाठीवर संरक्षण म्हणून जरूर लावा, पण लाकडाच्या तंतूंची रेषा तुटलेली पाठ त्याच्या भरवशावर ओढू नका.

कापडाचं अस्तर सुटण्याचं मुख्य कारण खळ. नव्या कापडाला कांजी असते आणि कोऱ्या कोशाला स्वतःचा डिंक असतो. कापड धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात, कोसा साध्या साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, भरपूर पाण्याने खंगाळून, पूर्ण वाळवूनच वापरा. गोंद आधी लाकडाला, मग कापड ठेवून वरून दुसरा पातळ हात. मधून टोकांकडे बोटाने हवा काढा.

तागाचे तंतू वापरायचे तर विंचरून, लांबीच्या दिशेने, एकावर एक विटांसारखे सांधे चुकवत बसवा. एक मिलिमीटर जाडीच्या थराला ३० ते ४० ग्रॅम विंचरलेला ताग पुरतो. तंतू गोंदात पूर्ण भिजून, बोटांत पिळून जास्तीचा गोंद काढूनच लावायचे. कोरडा राहिलेला पांढरा पट्टा तिथे तंतू मोकळे असल्याची खूण आहे. हे अस्तर सुमारे दोन आठवडे वाळू द्या.

कातडं शेळीचं, ढोलकी किंवा डफ मढवणाऱ्यांकडचं कच्चं घ्या. कमावलेलं चामडं ताणतं आणि कामाचं नाही. अर्ध्या ते एक मिमी जाडीचं हवं. कोमट पाण्यात ओल्या फडक्यासारखं मऊ होईपर्यंत, एक-दोन तास भिजवा. मांसाकडच्या बाजूची चरबी खरवडा, चुना राहिला असेल तर पाणी बदलत धुवा, आणि तीच बाजू गोंदाला लावा. वरून सुती पट्टी गुंडाळा, सायकलची रबरी ट्यूब नाही. कातड्यातलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. हिवाळ्यात आठवडाभर, दमट हवेत दुप्पट वेळ. कडा पूर्ण वाळल्यावरच कापायच्या. आधी कापल्या तर आकसताना त्या आत सरकून उचलतात, आणि लोक दोष गोंदाला देतात.

जनावराच्या शिरांच्या तातीचं अस्तर कोरड्या प्रदेशांत नावाजलेलं आहे. आपल्या पावसाळ्यात ते ओल धरून मऊ आणि जड होतं, म्हणून आम्ही सुचवत नाही. वन्यप्राण्यांच्या शिरा किंवा शिंगं बाळगणं आणि तीरकमठ्याने शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

जोडणी

आधी कोरडी जुळवणी करा. पट्टी बोटांच्या दाबाने सगळीकडे बसली पाहिजे. उजेडाकडे धरल्यावर रेषेतून प्रकाश दिसला तर पुन्हा रंधा मारा. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावा. मुठीत, जिथे कमठा वाकत नाही तिथे, दोन बारीक बांबूच्या खुंट्या मारल्या की पट्टी सरकत नाही.

पाच फुटांना दर ६ सेंमीला शिकंजा लावायचा तर पंचवीसेक लागतील, आणि गोल पाठीवर ते नीट बसतही नाहीत. सायकलची ट्यूब जास्त चांगली. दोन ट्यूब लांबीत कापून ३ सेंमी रुंद पट्ट्या करा, जोडावर पॉलिथिन गुंडाळा, आणि पट्टी दुप्पट ताणून प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर टाकत मुठीपासून टोकाकडे जा. इपॉक्सीसाठी एवढाच दाब पुरे, त्यावर शिकंजे चढवू नका. कडेने गोंदाचे बारीक मणी सलग दिसले पाहिजेत. जिथे मणी नाहीत तिथे जोड उपाशी आहे. उलटा बाक द्यायचा तर आत्ताच, फळीवर टोकांखाली ३ सेंमीचे ठोकळे ठेवून. यापेक्षा जास्त बाक सुरुवातीला नको.

त्याच गोंदाने, त्याच लाकडाचे १५ सेंमी लांबीचे तीन नमुने सोबत जोडा. एक घरात ठेवा, एक रात्रभर पाण्यात बुडवा, एक दोन दुपारी टिनावर उन्हात ठेवा. नंतर पटाशीने फोडा. फुटलेल्या भागाच्या तीन-चतुर्थांशावर लाकडाचे तंतू उपटलेले असतील तर जोड पास. उन्हातला नमुना सोलल्यासारखा स्वच्छ सुटला, तर कमठाही पुढच्या नवतपात तसाच सुटेल.

कमठा पूर्ण घडल्यावर टोकांना २–३ सेंमी ताग किंवा नायलॉनच्या दोऱ्याचा घट्ट वेढा इपॉक्सीत भिजवून द्या. सोलणारा ताण टोकालाच सर्वांत जास्त असतो. शेवटी लाखेचे किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे तीन-चार हात सगळीकडून, पोटाला आणि कडांनाही. नुसतं जवसाचं तेल ओल अडवत नाही.

उचललेलं टोक वाचवायचं तर

उचल सात सेंमीपर्यंत आणि टोकालाच असेल तर दुरुस्ती टिकते. दोरी उतरवा. उचलीत पॉलिश पेपरची दुमडलेली पट्टी घालून जुना गोंद दोन्ही बाजूंनी खरवडा, अ‍ॅसिटोन ओढा, वाळू द्या. जुना गोंद पांढरा असेल तर त्यावर इपॉक्सी धरणार नाही. लाकूड दिसेपर्यंत खरवडावंच लागतं. हेअर ड्रायरने जागा कोमट करा म्हणजे इपॉक्सी पातळ होऊन आत जातं, आणि जाड दोरा आतबाहेर ओढून ते उचलीच्या टोकापर्यंत पोचवा. पॉलिथिन, ट्यूब, २४ तास, मग पेटीत तापवणं, मग दोऱ्याचा वेढा. हा वेढा जुन्या उचलीच्या पुढे दोन बोटं जाईल इतका लांब.

उचल बाहूच्या मध्यात असेल, किंवा बाहूच्या तिसऱ्या हिश्शाहून लांब असेल, तर ठिगळ लावू नका. ओढताना पट्टी फुटून डोळ्याला लागू शकते. पूर्ण पट्टी काढा. पांढरा गोंद ७०–८० अंशांच्या गरम हवेने किंवा इस्त्रीने मऊ होतो, पातळ पातं सरकवत मुठीकडे जा. इपॉक्सीला ९०–१०० अंश लागतात. बांबू करपू न देता हळूहळू. यूरियाचा जोड असा सुटत नाही, पट्टी रंध्यानेच उतरवावी लागते. पोटाचं लाकूड पुन्हा सपाट झालं की त्याची जाडी मोजा: दीड-दोन मिमी कमी झाली असेल तर नवी पट्टी तेवढी जाड करू नका, कमठा ओढायला लागणारं बळ चार-पाच पौंडांनी उतरू द्या.